रिकाम्या पिकअपची शेपटी वर का असते?

भंडारा जिल्ह्यात धानाची कापणी व मळणी सुरू झाली की रस्त्यांवर पिकअप गाड्यांची वर्दळ वाढते. तुमसर, मोहाडी, लाखनी, साकोली, पवनी, लाखांदूर, कोणत्याही तालुक्यात जा, धानाचे कट्टे भरलेल्या पिकअप खरेदी केंद्राकडे किंवा राईस मिलकडे जाताना आणि रिकाम्या होऊन परतताना दिसतात. शाळेच्या फाटकाशी उभे राहून अशी एक गाडी बाजूने नीट न्याहाळली, तर एक गोष्ट लक्षात येते. रिकाम्या गाडीचा मागचा भाग पुढच्या भागापेक्षा तीन-चार बोटे उंच असतो. तीच गाडी कट्टे भरून आली की जवळजवळ समतल दिसते.

पुष्कळ मालकांना, त्यातही तरुणांना, रिकाम्या गाडीचे हे खाली झुकलेले नाक आवडत नाही. पुढचा भाग उचलून गाडी ‘सरळ’ करावी, त्याबरोबर मोठे टायर बसवावेत, म्हणजे गाडी रुबाबदार दिसेल आणि चिखलातही अडणार नाही, असा विचार केला जातो. अमेरिकेत पिकअपचे नाक उचलण्यासाठी ‘लेव्हलिंग किट’ नावाचे तयार संचच विकत मिळतात. आपल्याकडे हेच काम पाट्याखाली ठोकळा घालून किंवा पाटा वाढवून केले जाते.

अशा बदलाने नेमके काय घडते? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. हूकचा नियम, तरफ, वर्तुळाचा परीघ, दाब आणि गुरुत्वमध्य एवढी शालेय शिदोरी पुरेशी आहे. हिशेबासाठी आम्ही एक नमुना-गाडी घेतली आहे. तिचे आकडे कोणत्याही एका कंपनीचे नाहीत. पण आपल्या रस्त्यांवरच्या पिकअपला ते जवळचे आहेत.

आमची नमुना-गाडी

गाडीचे रिकामे वजन १,७०० किलोग्रॅम आणि भरायचा माल १,३०० किलोग्रॅम, म्हणजे ४० किलोचे साधारण ३२-३३ कट्टे. पुढच्या व मागच्या आसांतील अंतर ३ मीटर. डाव्या व उजव्या चाकांतील अंतर १.४ मीटर. गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० मानू.

हौदा मागच्या आसाच्या बरोबर वर नसतो. त्याचा मध्य आसाच्या थोडा पुढे असतो. तो ३० सेंटिमीटर पुढे आहे असे धरू. आता गाडी ही एक तरफ झाली. तीन मीटरपैकी ३० सेंटिमीटर म्हणजे एक दशांश. त्यामुळे मालाचा एक दशांश भार, १३० किलो, पुढच्या आसावर जातो आणि उरलेला १,१७० किलो मागच्या आसावर. पिकअपमध्ये जवळजवळ सगळे ओझे मागची चाकेच पेलतात, हे यावरून दिसते.

कट्टे हौद्याच्या अगदी मागच्या टोकाला रचले तर काय होईल? ओझ्याचा मध्य आसाच्या मागे गेला, की पुढच्या आसावर भार वाढण्याऐवजी कमीच होतो. चालक म्हणतात, ‘स्टेअरिंग हलके लागते.’ हे हलकेपण सुखाचे नव्हे. पुढची चाके रस्त्याला पुरेशी दाबून राहत नाहीत, म्हणून ती वळणाची आज्ञा नीट पाळत नाहीत.

पाटा आणि हूकचा नियम

स्प्रिंगला जितका जोर लावावा तितकी ती दबते किंवा ताणली जाते, हा नियम इंग्रज वैज्ञानिक रॉबर्ट हूक याने १६७६ मध्ये आधी अक्षरांच्या एका कोड्यात लपवून छापला आणि १६७८ मध्ये उलगडून सांगितला. घोडागाडीच्या खाली पोलादी पाट्यांची लंबवर्तुळाकार स्प्रिंग बसवण्याचे पेटंट ओबादिया इलियट याने १८०४ मध्ये घेतले. आजच्या पिकअपखालचे कमानपाटे हे त्याच घराण्यातले.

आमच्या गाडीचे मागचे दोन्ही पाटे मिळून १ मिलिमीटर दबायला १९५ न्यूटन बल लागते असे समजू. मागच्या आसावर आलेले १,१७० किलो म्हणजे ११,७०० न्यूटन. भागाकार केला की उत्तर येते ६० मिलिमीटर. पुढच्या पाट्यांना १ मिलिमीटरसाठी १३० न्यूटन लागत असतील, तर १,३०० न्यूटनने ते फक्त १० मिलिमीटर दबतील. म्हणजे माल भरल्यावर मागचा भाग ६० आणि पुढचा १० मिलिमीटर खाली येतो. फरक ५० मिलिमीटरचा.

आता कोडे सुटले. रिकाम्या गाडीची शेपटी ५० मिलिमीटर वर ठेवलेली असते, ती भरल्यावर गाडी समतल व्हावी म्हणून. पिकअप ही भरलेल्या अवस्थेसाठी घडवलेली गाडी आहे. रिकामी असताना ती वाकडी दिसते, कारण तेव्हा तिच्याकडून तिचे काम करून घेतले जात नसते.

रिकामी पिकअप खड्ड्यावरून उडते, भरलेली मात्र शांत चालते, याचेही कारण इथेच आहे. स्प्रिंगवरच्या वस्तूचे आंदोलन, वजनाने स्प्रिंग किती दबली आहे त्यावरून काढता येते. मागच्या पाट्यांवर रिकाम्या गाडीचे ७०० किलो असतील, तर पाटे सुमारे ३६ मिलिमीटर दबलेले असतात आणि गाडी सेकंदाला साधारण २.६ वेळा हेलकावते. माल भरल्यावर दाब ९६ मिलिमीटर होतो आणि हेलकावे १.६ वर येतात. हळू हेलकावा शरीराला सुखाचा वाटतो, जलद हेलकावा हाडे खिळखिळी करतो.

नाक उचलले तर?

गाडी रिकामी असताना समतल दिसावी म्हणून पुढचा भाग ५० मिलिमीटर उचलला असे समजू. रिकामी गाडी आता सरळ दिसेल. पण ती भरली, की शेपटी पूर्वीसारखीच ५० मिलिमीटरने जास्त बसणार आणि नाक वर जाणार. तीन मीटरमागे ५० मिलिमीटर म्हणजे ६० ला १ असा चढ. कोनात मोजला तर तो एक अंशाहूनही कमी आहे. एवढ्याने काय बिघडते, असे वाटणे साहजिक आहे.

बिघडते ते हेडलाइटच्या झोतात. गाडीला चढ मिळाला की झोतालाही तोच चढ मिळतो. साठाला एक, म्हणजे ६० मीटर अंतरावर झोत पूर्ण १ मीटर वर जातो. समजा दिवा जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर आहे आणि डिपर दिल्यावर त्याचा झोत १०० ला १ या प्रमाणात खाली झुकवलेला आहे. मूळ गाडीत, माल भरलेला असताना, ६० मीटरवर झोताची वरची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर असेल. नाक उचललेल्या भरल्या गाडीत तीच कड १ मीटर ३० सेंटिमीटरवर जाईल. शिवाय दिवाच ५ सेंटिमीटर उंच झालेला. समोरून येणाऱ्या मोटारीच्या चालकाचे डोळे रस्त्यापासून साधारण १ मीटर २० सेंटिमीटरवर असतात. म्हणजे डिपर देऊनही झोत थेट त्याच्या डोळ्यांत जाणार.

धानाच्या हंगामात संध्याकाळी लवकर अंधार पडतो. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर लाखनी-साकोलीकडे ट्रकांच्या रांगा असतात आणि त्यांच्या कडेने सायकली, दुचाक्या व ट्रॅक्टर चालत असतात. डोळे दिपलेल्या चालकाला नेमके हेच कडेचे लोक दिसत नाहीत. दिव्यांचा कोन बदलणारी कळ काही गाड्यांत असते. ती सजावटीसाठी नसून ओझ्याप्रमाणे झोत खाली आणण्यासाठी असते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

नाक उचलताना आणखी काही गोष्टी हलतात. चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा कल बदलतो, त्यामुळे वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होण्याची सवय बदलते. ब्रेकची रबरी नळी अधिक ताणली जाते. यांतली प्रत्येक गोष्ट दुरुस्त करता येते, पण त्यासाठी ती आधी तपासावी लागते. ठोकळा घालून बोल्ट आवळला की काम संपत नाही.

मागे एक पाटा वाढवला तर?

उलट प्रकारही सर्रास चालतो. जास्त माल भरता यावा म्हणून मागे एक पाटा वाढवायचा. सारख्या जाडीच्या सात पाट्यांत आठवा घातला की स्प्रिंग एक सप्तमांशाने, म्हणजे सुमारे १४ टक्क्यांनी ताठ होते. पण आस, टायर, ब्रेक आणि चौकट ही जुन्याच ताकदीची राहतात. साखळीची एक कडी जाड केल्याने साखळी मजबूत होत नाही.

त्याहून महत्त्वाचे असे की पाटा हा एक तराजूही आहे. तो किती बसला यावरून चालकाला ओझ्याचा अंदाज येतो. पाटा ताठ केला की तराजूच बिघडतो. ओझे वाढले तरी गाडी बसलेली दिसत नाही. अनेक पिकअपमध्ये मागच्या आसाजवळ भार ओळखणारी एक झडप असते. हौदा आणि आस यांच्यातले अंतर कमी झाले की ती समजते, गाडी भरली आहे, आणि मागच्या ब्रेकना अधिक दाब सोडते. अंतर जास्त असेल तर गाडी रिकामी समजून दाब रोखते, म्हणजे मागची चाके अडकून गाडी घसरू नये. मागचा भाग उचललेल्या गाडीत ही झडप फसते. गाडी भरलेली असते आणि झडप तिला रिकामी समजते. मागचे ब्रेक नेमके गरजेच्या वेळी कमी लागतात.

टायरवरचे आकडे

आता टायरकडे वळू. टायरच्या कुशीवर ‘२१५/७५ आर १५’ असे काहीसे लिहिलेले असते. पहिला आकडा रुंदी, २१५ मिलिमीटर. दुसरा आकडा सांगतो की टायरची कूस रुंदीच्या ७५ टक्के उंच आहे. ‘आर’ म्हणजे आतले धागे रेडियल पद्धतीचे. शेवटी रिमचा व्यास १५ इंच.

२१५ चे ७५ टक्के म्हणजे १६१ मिलिमीटर. अशा दोन कुशी, वर एक व खाली एक, मिळून सुमारे ३२२. रिमचे १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. एकूण व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर. हौसेने घातला जाणारा एक मोठा टायर ३१ इंच व्यासाचा असतो, म्हणजे ७८७ मिलिमीटर. मोठ्याला लहानाने भागले तर १.१२ येते. हा १.१२ आकडा लक्षात ठेवावा. पुढे तो वारंवार भेटणार आहे.

पहिला परिणाम वेगदर्शकावर होतो. गाडीला आपला वेग थेट कळत नाही. तिला फक्त चाके किती फिरली ते कळते. मोठे चाक एका फेऱ्यात १.१२ पट अंतर तोडते. म्हणून काटा ६० दाखवत असताना गाडी खरोखर ६७ किलोमीटर वेगाने धावत असते.

दुसरा परिणाम ब्रेकवर. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १.१२ चा वर्ग सव्वा. तेव्हा चालकाला ६० वाटणाऱ्या वेगाला ब्रेकना सव्वापट ऊर्जा जिरवावी लागते. आणि ब्रेकचा जोर तर कमी झालेला असतो, कारण ब्रेक आसाजवळ धरतो आणि रस्ता चाकाच्या कडेला. कड आसापासून दूर गेली की तेवढ्याच पकडीने रस्त्यावर मिळणारे बल १.१२ पटीने घटते. दोन्हींचा गुणाकार केला तर, पायाने तेवढेच दाबले असता, गाडी थांबायला १.४ पट अंतर लागते. पूर्वी ३० मीटरमध्ये थांबणारी गाडी आता ४२ मीटर घेईल.

तिसरा परिणाम ओढण्याच्या शक्तीवर. इंजिनाकडून आलेले आघूर्ण तेच, चाकाची त्रिज्या मोठी, म्हणून रस्त्यावरचे रेटणारे बल सुमारे ११ टक्क्यांनी घटते. चालकाला ते गाडी ‘दम तोडते’ असे जाणवते आणि तो एक गिअर खाली टाकतो. लाखनीजवळ गडेगाव येथे अशोक लेलँडच्या कारखान्यात गिअरबॉक्स तयार होतात. दातांच्या चाकांचे गुणोत्तर ठरवताना टायरचा व्यास गृहीत धरावाच लागतो. टायर बदलणारा माणूस गिअरबॉक्सला हातही न लावता ते गुणोत्तर बदलून टाकतो.

चिखलात खरोखर फायदा होतो का?

मोठ्या चाकाचा फायदा नाही असे मात्र नाही. आपली बंडी याला साक्ष आहे. बंडीचे चाक इतके मोठे का असते? अडथळ्यावर चढायला चाकाला लागणारा आडवा रेटा चाकाच्या त्रिज्येवर अवलंबून असतो. १० सेंटिमीटर उंच धुरा किंवा दगड ओलांडायचा असेल, तर ७०३ मिलिमीटरच्या चाकाला, त्यावर असलेल्या भाराच्या ९८ टक्के रेटा लागतो. ३१ इंची चाकाला ८९ टक्के. बंडीचे चाक १.२ मीटर व्यासाचे धरले तर केवळ ६६ टक्के. बैलांची शक्ती मर्यादित, म्हणून चाक मोठे, हा हिशेब आपल्या सुतारांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवाने बसवलेला आहे.

पिकअपच्या बाबतीत मात्र हिशेबाची दुसरी बाजू आहे. अडथळा ओलांडायला लागणारा रेटा ९८ वरून ८९ वर आला, म्हणजे ८-९ टक्के वाचले. आणि मोठ्या टायरमुळे मिळणारे बल ११ टक्के घटले. बंडीला बैल बाहेरून ओढतात, म्हणून तिला पूर्ण फायदा मिळतो. पिकअप स्वतःच्याच चाकांनी स्वतःला ढकलते, म्हणून तिचा फायदा बराचसा तिथल्या तिथे जिरतो. पहिल्या गिअरमध्ये बल सहसा पुरून उरते, हे खरे. पण चिखलात अडलेली गाडी बहुधा बल कमी पडले म्हणून अडत नाही. चाक जागीच फिरते म्हणून ती अडते.

तिथे प्रश्न दाबाचा येतो. टायरमधील हवेचा दाब आणि टायर जमिनीवर देतो तो दाब हे जवळजवळ सारखे असतात. प्रत्येक चाकावर ७,५०० न्यूटन भार आणि हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ३० न्यूटन असेल, तर जमिनीला टेकणारा भाग २५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण वहीच्या अर्ध्या पानाएवढा होतो. टायर मोठा घातला पण हवा तेवढीच कडक ठेवली, तर टेकणारे क्षेत्रफळ तेवढेच राहते. फक्त त्याचा आकार थोडा बदलतो. भारी कन्हार जमिनीत, चिखलणी झालेल्या बांधीच्या कडेला, गाडी रुतायची ती रुततेच. हवा कमी केली तर पाय पसरतो, पण भरलेल्या गाडीत कमी हवेचा टायर रस्त्यावर तापतो आणि फुटू शकतो. शेतकऱ्याला हे तत्त्व नवे नाही. चिखलणीसाठी तो ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावतो आणि डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी काढतो. एकच चाक दोन्हीकडे चालत नाही, हे त्याने ओळखलेले असते.

आणखी एक गैरसमज. नाक किंवा शेपटी उचलल्याने गाडी जमिनीपासून उंच होते, असे वाटते. उंच होतो तो हौदा आणि केबिन. मागच्या आसाच्या मध्यभागी जो डिफरन्शिअलचा फुगीर भाग असतो तो चाकांना जोडलेला असतो, पाट्यांच्या खाली असतो. पाटे कितीही उचलले तरी तो तसूभरही वर येत नाही. पांदण रस्त्यावर दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्याला घासतो तो हाच भाग. तो वर येतो फक्त चाक मोठे केल्याने, आणि तेही व्यासातील वाढीच्या निम्मा. आपल्या उदाहरणात ८४ मिलिमीटरच्या निम्मे, ४२ मिलिमीटर.

उलटण्याची हद्द

शेवटचा मुद्दा गुरुत्वमध्याचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. वळणावर गाडी उलटण्याची हद्द दोन गोष्टी ठरवतात : चाकांतील अंतराचा निम्मा भाग आणि गुरुत्वमध्याची उंची. पहिली जितकी जास्त आणि दुसरी जितकी कमी तितकी गाडी स्थिर.

रिकाम्या गाडीचा गुरुत्वमध्य ६५ सेंटिमीटरवर आहे असे धरू. हौद्याचा तळ ८० सेंटिमीटरवर. त्यावर १,३०० किलोचे कट्टे नीट पसरून रचले तर त्यांचा मध्य तळापासून ३० सेंटिमीटरवर, म्हणजे जमिनीपासून १ मीटर १० सेंटिमीटरवर येतो. भारित सरासरी काढली की भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य सुमारे ८५ सेंटिमीटरवर येतो. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ही गाडी गणिताने ताशी ७३ किलोमीटरच्या आसपास उलटेल.

आता कट्ट्यांऐवजी तेवढ्याच वजनाची माणसे हौद्यात उभी आहेत असे समजा. साधारण २२ माणसे. रोवणीच्या दिवसांत मजुरांना, विशेषतः बायांना, असे उभ्याने नेलेले आपण सर्वांनी पाहिले आहे. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य पायांपासून सुमारे ९५ सेंटिमीटरवर असतो. तेव्हा या ओझ्याचा मध्य जमिनीपासून १ मीटर ७५ सेंटिमीटरवर जातो आणि सबंध गाडीचा १ मीटर १३ सेंटिमीटरवर. वजन एका किलोनेही वाढलेले नाही. तरी उलटण्याची हद्द ७३ वरून ६३ वर आली.

याच गाडीचे नाक उचललेले आणि टायर मोठे असतील, तर गुरुत्वमध्य आणखी सुमारे ६ सेंटिमीटर वर जातो आणि हद्द ६२ वर येते. एका किलोमीटरचा फरक, म्हणून तो सोडून द्यावासा वाटेल. पण मघाचा १.१२ आठवा. चालकाच्या डोळ्यांसमोर काटा ६० दाखवतो आहे आणि गाडी ६७ ने धावते आहे. आपण हद्दीच्या आत आहोत असे त्याला प्रामाणिकपणे वाटते आणि तो हद्दीच्या पाच किलोमीटर पुढे असतो. प्रत्यक्षात पाटे आणि टायर वळणावर एका बाजूला दबतात, उभी माणसे एका बाजूला झुकतात. त्यामुळे खरी हद्द गणितातल्यापेक्षाही खालीच असते.

मालगाडीतून प्रवासी नेण्यास कायद्याने मनाई आहे, ती याच कारणासाठी. वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यावरही मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ ने बंधन घातले आहे, आणि उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. दंड टाळण्यासाठी नियम पाळणे आणि नियमामागचे कारण समजून तो पाळणे यांत फरक आहे. वर्गात आपल्याला दुसरे साधता येते.

मग करावे काय?

गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या मापांपैकीच टायर निवडावा. थोड्या मोठ्या मापाला कंपनीची मान्यता असेल तर ते माप घालता येते. ओझे मागच्या आसाच्या पुढे व सारखे पसरून रचावे. तुटलेला किंवा थकलेला पाटा बदलताना दोन्ही बाजूंचे एकदम पाहावेत. गाडी भरल्यावर हेडलाइटचा झोत खाली घ्यावा. आणि बांधीपर्यंत पिकअप नेण्याचा अट्टहास सोडून, धान ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने किंवा बंडीने पक्क्या रस्त्यापर्यंत आणून तिथे पिकअपमध्ये भरावे. खरा उपाय अर्थात रस्त्याचाच आहे. पांदण रस्त्यांना दोन्ही बाजूंनी चर आणि वर मुरूम मिळाला, तर लहान टायरही पुरतात. राज्य शासनाने २०२१ मध्ये शेत व पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली आहे. ग्रामसभेत तिचा पाठपुरावा करणे मोठ्या टायरपेक्षा स्वस्त पडते.

वर्गात करून पाहा

१. हॅकसॉचे एक पाते टेबलाच्या कडेला घट्ट धरून टोकाला ५०-५० ग्रॅमची वजने टांगा. प्रत्येक वेळी टोक किती खाली आले ते मोजून आलेख काढा. मग पात्याचा बाहेर आलेला भाग निम्मा करा. तेवढ्याच वजनाने ते निम्मे वाकते की त्याहून खूपच कमी? साधारण एक अष्टमांश वाकलेले दिसेल. आता दोन पाती एकावर एक ठेवून मोजा.

२. गावातल्या एखाद्या पिकअपच्या चारही चाकांवरील मडगार्डच्या कडेची जमिनीपासून उंची, गाडी रिकामी असताना व भरल्यावर, मोजा. भरलेल्या मालाचे वजन पावतीवरून मिळेल. त्यावरून त्या गाडीच्या पाट्यांचा ताठपणा काढा.

३. टायरवर व जमिनीवर खडूने खूण करून चाक एक फेरा पुढे न्या. मोजलेला परीघ आणि टायरवरच्या आकड्यांवरून काढलेला परीघ ताडून पाहा. मोजलेला थोडा कमी येईल. का, ते मुलांना विचारा.

४. एका फळीवर खेळण्यातली गाडी आडवी ठेवा. ती घसरू नये म्हणून चाकांखाली पट्टी चिकटवा. फळी हळूहळू एका बाजूने उचला आणि गाडी कोणत्या कोनात उलटते ते कोनमापकाने नोंदवा. आधी हौद्यात ओल्या मातीचा गोळा चपटा करून ठेवा. नंतर तीच माती उभ्या बाहुल्यांच्या आकारात लावा. माती तेवढीच, गाडी तीच. दोन कोनांमधला फरक मुलांनी फळ्यावर लिहावा आणि रोवणीला जाणाऱ्या घरच्या माणसांना दाखवावा.